जव्हारच्या आभाळावरून झालेलं भांडण

जव्हार-मोखाड्याला जाऊन आलो म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा पोरगा धबधबा दाखवणार, राजवाड्यासमोर उभा राहून फोटो काढणार, भिंतीवरच्या वारली चित्रांबद्दल डोळे ओले करून लिहिणार. नाही हो. धबधबा मी बघितला नाही. राजवाड्याकडे जाणारी पाटी बघितली, तिच्यावर एक बकरी अंग घासत होती. वारली चित्र एका एटीएमच्या भिंतीवर दिसलं, तेही अर्धं, कारण पुढे मोटारसायकल लावलेली होती.

मी गेलो होतो मित्राच्या लग्नाच्या बोलणीला. आणि दोन दिवस विश्व कसं जन्माला आलं ते ऐकून परत आलो. अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

मित्र म्हणजे रियाज. आम्ही दोघं सिन्नरचे, शाळेत एका बाकावर. तो पुढे फिजिक्स शिकला आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागला. मी पुढे सरांचे आवाज काढायला शिकलो आणि गॅदरिंगपुरता प्रसिद्ध झालो. नाशिकला एका ट्रेनिंगमध्ये त्याची शाहीनशी ओळख झाली. ती नर्स, जव्हारच्या आसपासच्या पाड्यांवर लसीकरणाला फिरते. पोरगा-पोरगी बोलले, घरचे बोलले, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे हुसेनचाचांनी निरोप पाठवला: रमजान संपायच्या आत एकदा या, आमच्याकडे रोजा सोडा, मला मुलाला काही विचारायचंय.

रियाज म्हणाला, "संज्या, तू चल. मला एकट्याला बोलता येत नाही."

मी म्हणालो, "मी तुझ्या आवाजात बोलू का?"

"तू फक्त गप्प बस."

मोखाडा

त्र्यंबक सोडून घाट लागला की एसटी अशी वळते की पोटातलं सगळं जागा बदलतं. मार्च होता. पळस पेटल्यासारखे फुलले होते आणि शेताशेतात काळे चौकोन दिसत होते. शेजारी बसलेल्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "राब भाजलाय." फांद्या, पाला, शेण जमिनीवर पसरायचं आणि पेटवून द्यायचं, मग पावसाळ्यात त्याच जागी भाताची रोपं टाकायची. आमच्याकडे सिन्नरला जमीन भाजायचं काम ऊन फुकट करतं. इथे माणसं रानातून फांद्या वाहून आणतात. सगळ्या दरीवर निळसर धूर बसलेला होता. हा धूर लक्षात ठेवा, पुढे त्याच्यामुळेच मी बोलायला नको ते बोललो.

मोखाड्याला उतरून मी जेवायला एका बाईंच्या खानावळीत शिरलो. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी. आमची बाजरीची भाकरी कडक, हाताला लागते. ही काळी, मऊ आणि घशातून गुळगुळीत उतरणारी. मी तिसरी मागितली तेव्हा बाईंनी रियाजकडे बघितलं. "यांना नको? पोट बिघडलं का?"

"रोजा आहे मावशी," रियाज म्हणाला.

बाईंनी माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आन् तू त्याच्या म्होरं बसून खातंस? लाज नाय वाटत? जा, त्या कोपऱ्यात बस, भिताडाकडं तोंड करून."

मी तिसरी भाकरी खरंच भिंतीकडे तोंड करून खाल्ली.

जीपला वेळ होता म्हणून मागच्या आळीत फिरलो. एका अंगणात एक माणूस मुखवटे रंगवत बसला होता. बोहाड्याची, म्हणजे इकडच्या सोंगांच्या उत्सवाची तयारी. देव, राक्षस, मोठे डोळे, बाहेर आलेले दात, रंगाचा वास. मी म्हणजे जन्माचा सोंगाड्या, मला राहवेना. म्हणालो, "काका, एक घालून बघू?"

"नाय. हे सोंग आमच्या घराचं हाय. दुसऱ्यानं घालायचं नाय."

"मी तर रोज दुसऱ्याचं सोंग घालतो."

"मग रोज मारबी खात असशील," तो म्हणाला आणि राक्षसाची भुवई काढायला लागला.

जव्हार

हुसेनचाचांचं बाजारात भांड्यांचं दुकान. आम्ही पोचलो तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला पातेलं विकत होते. पातेलं विकायची त्यांची पद्धत अशी: एक डोळा मिटायचा, भांडं कानाशी धरायचं, बोटाच्या पेराने वाजवायचं, टण्ण, आणि मग जाहीर करायचं, "नंबर एक!" मी तिथेच मनात नोंद केली. एवढी तयार नक्कल देवाने क्वचित कोणाला दिलेली असते.

संध्याकाळी रोजा सुटला. खजूर, कलिंगड, शाहीनने तळलेली कांद्याची गरम भजी. ती स्वयंपाकघरातून ताट आणायची, ठेवायची, आत जायची. नमाज झाली, चहा आला, आणि मला वाटलं आता विचारतील. पगार किती, घर कसलं, आईचा स्वभाव कसा, राग येतो का, आला तर काय करतो. मी तर उत्तरं पाठ करून आलो होतो. रियाजला राग येतच नाही, हाच त्याच्यातला मोठा दोष.

चाचांनी चहाचा ग्लास उचलला, एक डोळा मिटला, टण्ण.

"बेटा, तू फिजिक्सवाला. मला सांग, कुराण शरीफमध्ये म्हटलंय, डोंगर खुंट्यांसारखे रोवले, जमीन हलू नये म्हणून. आज भूगोलवाले म्हणतात, डोंगराला खाली मूळ असतं. चौदाशे वर्षांआधी हे कोणाला माहीत होतं?"

मी रियाजकडे बघून मान हलवली, म्हणजे हो म्हण आणि सुट. दुसऱ्याच्या घरी भजी खाल्ली आहेत, पोरगी पसंत आहे, डोंगराला मूळ असलं काय नि नसलं काय.

रियाज म्हणाला, "चाचा, डोंगराला मूळ असतं हे बरोबर आहे. पण त्यामुळे जमीन हलत नाही, असं विज्ञान म्हणत नाही. उलट जिथे नवे डोंगर उभे राहतात तिथेच जास्त हलते."

"इकडे पण अधूनमधून हादरे बसतात," चाचा विचारात पडून म्हणाले. मग सावरले. "बरं, ते सोड. आकाश आम्ही बनवलं आणि आम्ही ते पसरवतोय, असं अल्लाहने म्हटलंय की नाही? आता शास्त्रज्ञ काय म्हणतात? पसरतंय!"

"चाचा, ती आयत जुन्या काळातल्या मोठमोठ्या आलिमांनी, विद्वानांनी पण वाचली होती. आपल्यापेक्षा कितीतरी खोल वाचली होती. त्यांनी कोणी नाही म्हटलं की तारे लांब पळतायत. दुर्बिणीवाल्यांनी सांगितल्यावर आपल्याला ते तिथे दिसायला लागलं. दर वेळी शोध आधी लागतो आणि आयत आपण मागून दाखवतो."

"मग काय झालं? कुलूप आधीपासून होतं, किल्ली आता मिळाली."

हे चाचांचं उत्तर मला आवडलं, खरं सांगतो. मी "वा" म्हणालो. रियाजने माझ्या पायावर पाय दिला.

"आणि उद्या दुसरी किल्ली आली तर?" तो म्हणाला. "शास्त्रज्ञ उद्या म्हणाले, आमचं चुकलं होतं, असं नाही तसं आहे. ते तर म्हणतात कधीकधी, त्यांचं कामच ते. मग तुम्ही आयत चुकली म्हणणार का?"

"तौबा!"

"मग तिला रोज बदलणाऱ्या गोष्टीला बांधायचं कशाला?"

चाचांनी ग्लास खाली ठेवला. मग हळूच, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं, आपल्या किताबात विज्ञान नाही."

"माझं म्हणणं, तिला विज्ञानाचं सर्टिफिकेट लागत नाही. प्रत्येक जिवंत गोष्ट पाण्यापासून बनवली, ही आयत मला लहानपणापासून आवडते. पण ती वाचून मला केमिस्ट्री सुचली नाही चाचा, पाणी सांडू नये एवढं वाटलं. ती किताब म्हणते, बघा. उंटाकडे बघा कसा बनवलाय, आकाशाकडे बघा, डोंगराकडे बघा, जमिनीकडे बघा. बघा म्हणते. उत्तर इथे छापलंय, घरी बसून वाचा, असं कुठे म्हणते?"

"आता जव्हारात मी उंट कुठून आणू?" चाचा म्हणाले, आणि सगळे हसले, स्वयंपाकघरातून पण हसू आलं. पण चाचांचं हसू लगेच उतरलं. "विचार करावा लागेल," ते म्हणाले. ते लग्नाबद्दल होतं, हे न कळण्याइतका मी मठ्ठ नाही.

हवा मोकळी करावी म्हणून मी माझ्या काकांची नक्कल केली. आमचे काका सिन्नरला ओट्यावर बसून सांगतात की विमान, टीव्ही, टेस्ट-ट्यूब बेबी, सगळं आपल्या पुराणात आधीच होतं, गोऱ्यांनी पळवलं. मी पान खाल्ल्यासारखा गाल फुगवून, धोतराचा सोगा सावरत काका उभे केले. चाचा इतके हसले की डोळे पुसायला लागले. "तुमच्या लोकांचं हे असंच असतं!" म्हणाले.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"आमचं खरंच लिहिलेलं आहे ना बाबा."

तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. अरे, काका काय नि चाचा काय, एकाच दुकानाच्या दोन शाखा! आणि या दुकानापायी माझा मित्र लटकणार? त्याने खोटं हो म्हटलं असतं तर तिथेच पेढे वाटले असते. तो खरं बोलला, श्रद्धेने बोलला, महिनाभर उपाशी राहून बोलला, आणि त्यालाच नापास करायला निघाले! रात्रभर मी कुशी बदलत होतो. रियाज मात्र घोरत होता.

जामसर

दुसऱ्या दिवशी चाचांनी आम्हाला कामाला लावलं. तो रमजानचा एकोणतिसावा दिवस, म्हणजे संध्याकाळी चांद बघायचा. दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा आणि ईद परवा. चाचा म्हणाले, "जामसरला लखमा आहे, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला आठवण करून या की आज राब पेटवू नको. धूर झाला तर चांद दिसत नाही."

जीपने गेलो. लखमाकाका शेतात होते, सुकलेला पाला दोन्ही हातांनी पसरत होते. सगळं वाफ्यावर रचून तयार, नुसती काडी ओढायची बाकी.

"सांगाय कशाला पायजे?" ते म्हणाले. "मला ठावं हाय. खालच्या पाड्यावर बी सांगून आलोय. आजच्या दिस कोनी पेटवायचा नाय."

"तुम्हाला त्रास नाही होत?" रियाजने विचारलं.

"उंद्या पेटवू. राब काय पळून जातो?" मग माझ्याकडे बघून हसले. "हुसेनशेठची पोर माझ्या नातवाला सुई टोचाय येते. पोराला रडू नाय देत. तिच्या घरचा सण हाय."

सावलीत बसवून आम्हाला करवंदाचं लोणचं दाखवलं. मी खाल्लं, रियाजने नुसतं बघितलं. मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं दोन बायका टोपलीत वेचत होत्या. एवढं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात रियाजने मोबाईल काढून सुस्कारा सोडला.

"काय झालं?"

"आज चांद दिसणार नाही. शक्यच नाही. सूर्य बुडाला की लगेच चंद्रपण बुडतोय. चंद्र अजून फार कोवळा आहे, त्याच्यावर उजेडाची रेघसुद्धा धड आलेली नाही."

"नक्की?"

"गणित आहे ते, संज्या."

बघा आता! दोन-दोन पाड्यांनी काडी ओढायची थांबवली, म्हातारी माणसं कड्यापर्यंत चालत जाणार, आणि उत्तर आमच्या खिशात. परत येऊन रियाजने चाचांना दुकानात सांगितलं. अगदी नम्रपणे, हात मागे बांधून.

चाचा एक कढई वाजवत होते. "बघितल्याशिवाय कसं सांगतोस?"

"हिशोब करून, चाचा."

"चांद हिशोबाने नाही, डोळ्याने बघायचा असतो," चाचा म्हणाले आणि कढईला नंबर एक दिला.

मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. माझ्या कानातून वाफ निघत होती.

पठाराची कड

जव्हार हे पठारावर आहे आणि पश्चिमेला ते एकदम संपतं. खाली दरी, मग डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, फिकट होत गेलेल्या. खरं सांगतो, सिन्नरला आमच्याकडे सूर्य नुसता मावळतो, इथे तो समारंभ करतो. आणि हवा स्वच्छ होती. एकाही पाड्यावर धूर नव्हता.

बरीच मंडळी जमली होती. टोप्या घातलेले म्हातारे, दुकानं बंद करून आलेले, बायका एका बाजूला, त्यांच्यात शाहीन. प्रत्येकाच्या रुमालात खजूर. सूर्य बुडाला, लोकांनी खजूर तोंडात टाकले, पाणी प्यायले, आणि सगळे पश्चिमेकडे बघायला लागले. कोणी हाताची दुर्बीण करत होतं. एकजण म्हणाला, "तो बघा!" तो ढगाचा तुकडा निघाला. चाचा सर्वांत पुढे, एक डोळा मिटून, पातेलं तपासावं तसे आकाश तपासत होते.

एक म्हातारबुवा म्हणाले, "हुसेनशेठ, तुमचा जावई तर शास्त्रज्ञ आहे, त्याला विचारा ना."

चाचा मागे न बघता म्हणाले, "अजून जावई नाही. आणि त्याचं विज्ञान राहू दे मोबाईलमध्ये. इथे डोळे लागतात."

झालं. मला आवरलं नाही. मी पुढे झालो, एक डोळा मिटला, हवेतलं भांडं कानाशी धरलं, टण्ण केलं आणि चाचांच्याच आवाजात, त्यांच्याच घोगऱ्या, लांबवलेल्या सुरात मोठ्याने बोललो, "बेटा! विश्व कसं जन्मलं, ते मी घरी चहा पिता पिता सांगतो. तारे कुठे पळतात, ते पण सांगतो. सगळं विज्ञान आमच्याकडे नंबर एक! फक्त एवढा एक चंद्र, हा समोरचा, त्याचं विज्ञान मात्र चालणार नाही!"

लोक हसले. म्हातारबुवा तर टाळी द्यायला वळले. मला गॅदरिंगचं पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं, तेवढ्या एका क्षणापुरतं.

चाचा हसले नाहीत. ते वळले, माझ्याकडे बघितलं, मग लोकांकडे. तांबड्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. त्यांचा खरा आवाज माझ्या नकलेपेक्षा बराच बारीक होता. "पण मी काय करू ते सांग. दुकानावर पोरं येतात. मोबाईल दाखवतात. तुमच्यात विज्ञान शिकवतात का हो चाचा? तुम्ही अजून मागेच का हो चाचा? रोज कोणीतरी. माझी पोरगी नर्स आहे, तरी मलाच विचारतात. मी सातवी शिकलेला, मी त्यांना काय दाखवू? भांडी? मग कोणी मला या आयती पाठवल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, आता विचारा."

लोक हळूहळू टोप्या सारख्या करत परत निघाले. चांद दिसला नव्हता, दिसणार नव्हता. मुंबईहून पण कोणाला तरी फोन आला की कुठेच दिसला नाही.

चाचा तिथेच उभे राहिले. रियाज त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी जरा मागे, दगडासारखा.

"तुला माहीत होतं दिसणार नाही," चाचा म्हणाले.

"हो."

"मग एवढं कड्यापर्यंत चालत कशाला आलास? दिवसभर रोजा, पाणी नाही. घरी बसायचंस."

रियाज पश्चिमेकडे बघत म्हणाला, "बघायचं असतं ना चाचा. मला माहीत असलं तरी बघायचं असतं. मी दर वर्षी बघतो."

चाचांनी त्याच्याकडे नीट बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मग म्हणाले, "उद्या तर दिसणारच. तीस झाले की बघायची गरजच नाही."

"तरी मी गच्चीत जाणार."

"ईद झाली की अम्मीला घेऊन ये," चाचा म्हणाले. "आणि मला ते डोंगराचं परत सांग. जमीन हलते ते. पोरांना सांगायला लागेल, आधी मी चुकीचं सांगत होतो म्हणून."

दोघं गावाकडे चालायला लागले. मी मागून येत होतो, आणि मनात, मेल्याला अजून लाज नाही, मनात मी म्हणत होतो, बघ संज्या, तू बोललास म्हणूनच गाडी हलली.

एसटी स्टँड

सकाळी सिन्नरला परतायला निघालो. रियाज गाडीची चौकशी करायला खिडकीवर गेला. मी बाकावर बसलो होतो आणि शाहीन आली. नर्सची साडी, खांद्याला लसीचा डबा, पाड्यावर निघालेली. दोन दिवसांत तिने माझ्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य हे होतं:

"स्वतःला फार हुशार समजतोस?"

मी दात काढून म्हणालो, "अहो, पण झालं ना सगळं चांगलं. चाचा हो म्हणाले."

"अब्बा हो म्हणाले. बरं. चारचौघांत त्यांना त्यांच्याच आवाजात हिणवलंस आणि वर श्रेय घेतोस? ते रात्री जेवले नाहीत, माहीत आहे? तुला वाटतं तुझ्यामुळे जमलं? तुझ्यामुळे मोडलं असतं. तो रियाज तिथे उभा राहिला म्हणून वाचलं."

"मला राग आला होता," मी म्हणालो. "त्याच्यावर अन्याय होत होता. परीक्षा काय घेता, लग्न आहे की..."

"कोणाचं?"

"काय?"

"लग्न कोणाचं आहे, विचारतेय." तिने डबा बाकावर ठेवला. "दोन दिवस तुम्ही तिघं आकाश कसं बनलं, डोंगर कशाला रोवले, यावर भांडलात. मी आत भजी तळत होते. बारा पाडे फिरून येऊन तळत होते, रोज्यात. अब्बांनी त्याला विचारलं, त्याने अब्बांना सांगितलं, तुला दोघांचा राग आला. मला एकाने तरी विचारलं, शाहीन, तुला हा मुलगा हवा का? अब्बा जुने आहेत, सोडून दे. रियाज माझ्याशी नाशिकला बोललाय, त्याचं मी बघेन, त्याचा हिशोब वेगळा होईल. पण तू? तुला एवढा अन्याय दिसतो, मग हा नाही दिसला?"

मी तोंड उघडलं.

"बंद कर. गाडी लागली आहे, जा, बस. आणि सिन्नर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कोणाच्याच आवाजात."